शंखघरातली सालोमी

निर्मळ गावच्या बेसिलने पॅरिसहून वास्तुकलेची पदवी आणली आणि पहिला प्रयोग केला तो विधवा थोरल्या बहिणीवर. सालोमीच्या केळीच्या वाडीत त्याने शंखाच्या आकाराचं घर उभारलं. सरळ म्हणावी अशी भिंत नाही. कपाट कुठे टेकेना, आणि वर टांगलेला क्रूस पुढे झुकून चुलीत डोकावे. बेसिल स्वतः मात्र बापाच्या चौकोनी कौलारू घरात पाय पसरून झोपे.

छप्पन साली मुंबईची मंडळी या घरावर माहितीपट काढायला आली. दिग्दर्शकाने आधी वाळत घातलेले बोंबील हलवले, कोंबड्या हाकलल्या. मग सालोमीला म्हणाला, "बाई, भिंतीवरून हात फिरवत चाला. आवाज घेत नाही आम्ही. काहीही बोललात तरी चालेल."

बेसिल तेव्हा छतावर उभा राहून आभाळाकडे बघायचा सराव करत होता. सालोमीला रान मोकळं मिळालं. चेहरा गंभीर ठेवून तिने पावसाळ्यातली गळती, डोक्यावरची टेंगळं आणि भावाची अक्कल, सगळं घरच्या बोलीत बाहेर काढलं. दिग्दर्शकाला ओ की ठो कळलं नाही. त्याला वाटलं, प्रार्थना चालली आहे.

काही महिन्यांनी चर्चच्या पटांगणात पडदा लागला. अख्खं गाव जमलं. पडद्यावर सालोमी आली आणि निवेदक भारदस्त आवाजात म्हणाला, "वास्तूशी एकरूप झालेली ही स्त्री प्रार्थना पुटपुटते आहे."

पण गावाला तिचे ओठ वाचता येत होते. पुढे बसलेली शेजारीण रिटा ओरडली, "अगो, ही तर बेसिलला गाढव म्हनते!"

मग सगळेच तिच्या ओठांवरची एकेक शिवी मोठ्याने वाचू लागले. पाद्रीबाबांनी तोंडाला रुमाल धरला. खोकला काही झाला नव्हता.

खेळ संपल्यावर बेसिल लालबुंद होऊन आला. "बाय, खरंच असं बोललीस?"

"पडद्यावर निम्मंच आलंय. एवढं देखणं घर आहे ना, मग तूच राहा तिथं. मी बाबाच्या घरात जाते."

सगळं गाव कान टवकारून उभं. नाही म्हणायची सोय उरली नाही. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून दोघांनी बिऱ्हाडं बदलली.

पुढे शहरातून विद्यार्थी शंखघर बघायला येत. कपाळाला पट्टी बांधलेला बेसिल त्यांना आतून फिरवी.

"इथे राहताना कसं वाटतं, सर?"

"मुक्त," बेसिल म्हणे, आणि दारातून वाकून बाहेर येई.