वाहिदने मला टप बसवला

मुलं मला पाण्यावरची सायकल म्हणतात. म्हणोत बापडी. मी एक जुनी पायडल-बोट आहे, मित्रांनो, आणि बोरी अरबकडच्या एका तलावाच्या काठी साखळीने बांधलेली असते. यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या एका शेडमध्ये साच्यात फायबरचे थर देऊन मला घडवलं, पिवळा रंग चढवला आणि टेम्पोत उलटी घालून इथे आणलं. पहिल्यांदा पाण्यावर टेकले, तेव्हा प्रवासातले सगळे धक्के विसरले.

माझा मालक वाहिद हा मूळचा रिक्षा-मिस्त्री. हातात कसब, पण कोणाला ‘नाही’ म्हणायचं तर जीव कासावीस होतो बिचाऱ्याचा. आमच्याकडचं ऊन म्हणजे विचारूच नका. चैत्रात माझी सीट तव्यासारखी तापायची आणि बसलेली मंडळी टुणकन उठायची. वाहिदने डोकं लढवलं. भंगारातल्या एका रिक्षाचा टप काढला, त्याची मागची बाजू रेक्झीनने बंद केली आणि वाहिदची बायको हमीदा हिने ते रेक्झीन आणि पुढची लाल झालर शिवून दिली. मग तो टप माझ्या डोक्यावर बोल्ट आवळून बसवला, रिक्षावर बसवतात तसाच. रिक्षा रस्त्याला धरून चालते आणि मी कशालाच धरून नसते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

“वाहिदभाई, बोटीची तं डोली केली तुमी,” असं लोक म्हणायचे. मी नवरीसारखी मिरवायचे. खोटं कशाला बोलू, तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता.

मग तो दिवस आला. सकाळपासून आभाळ भरलेलं, दुपारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नव्हतं. तेवढ्यात तांड्यावरच्या लालीबाई आल्या, नात राखीचा हात धरून. परीक्षा संपली की बोटीत बसवीन, असं त्यांनी नातीला कबूल केलं होतं.

वाहिदने दारव्ह्याच्या दिशेच्या आभाळाकडे पाहिलं. तिकडे काळंकुट्ट झालं होतं.

“लालीबाई, हवा बरी नाही वाटून राह्यली,” तो म्हणाला.

“पोरीले शब्द देल्ला हाय, भाऊ. एक चक्कर मारतो न येतो.”

सकाळपासूनचं पहिलंच गिऱ्हाईक. बोहनीचं माणूस परत धाडलं तर दिवस खोटा जातो, असं आमच्या बाजारात लहानथोर सगळे मानतात. वाहिदने राखीला लाइफ-जॅकेट घातलं. लालीबाईंच्या अंगात दुसरं जॅकेट जाईना, तेव्हा त्यांनी ते हसून परत दिलं. साखळी सुटली.

तलावाच्या मध्यावर पोचतो न पोचतो तोच वावधन सुटलं, वादळी वारा घोंघावू लागला. लालीबाईंनी मला घाईने काठाकडे वळवलं, आणि तिथेच घात झाला. वारा काठाकडूनच येत होता. टपाचं तोंड उघडं आणि पाठ बंद, त्यात वारा भरला आणि टप पोत्यासारखा फुगला. आजी आणि नात जीव खाऊन पायडल मारत होत्या, आणि मी मागे मागे, पल्याडच्या बांधाच्या दगडांकडे चालले होते. माझी एक बाजू पाण्याला लागत होती. मला माझाच राग येत होता, पण बोटीच्या रागाला कोण विचारतो.

“टप फाडा, लालीबाई! वारा भरला त्यात,” वाहिद काठावरून ओरडला.

शब्द त्यांना ऐकू आले, पटले मात्र नाहीत. तेव्हाच टपोरे थेंब पडू लागले होते. पाऊस आलेला असताना लेकराच्या डोक्यावरचं छत कोण फाडेल?

“याचं डोस्कं फिरलं,” लालीबाई पुटपुटल्या, आणि राखीला कुशीत ओढून त्यांनी झालर आणखी घट्ट धरली.

वाहिदने गॅरेजमधून आणलेली टायरची ट्यूब काखेत मारली, एक पातं दातात धरलं आणि पाण्यात उडी घेतली. तो पोचला तेव्हा दगड अगदी जवळ आले होते. बोल्ट निघेनात, त्याने स्वतःच पक्के आवळले होते ना. मग दातातलं पातं काढून त्याने पाठीच्या रेक्झीनवरची हमीदाची शिलाई वरपासून खालपर्यंत चिरली. वारा आरपार निघून गेला. माझी कूस दगडावर घासली, तडा गेला, पण मी सरळ झाले. भर पावसात उघड्या डोक्यांनी तिघं काठाला लागली.

राखी रडली नाही. तिने हँडल इतकं आवळून धरलं होतं की आजीला एकेक बोट सोडवावं लागलं.

“तू सांगतलं तवा आयकाले पायजे होतं,” लालीबाई म्हणाल्या.

“मी साखळीच सोडाले नोको होती,” वाहिद म्हणाला, आणि खाली बसला.

तडा बुजवला गेला, टप गेला. आता उन्हाने माझा रंग उडाला आहे, सावली नाही म्हणून लोक नाकं मुरडतात. मी दिवसेंदिवस नुसती बांधलेली असते.

मागच्या रविवारी यवतमाळची पोरं आली. वारा वाढत होता. वाहिद चाचरत म्हणाला, “आज नाही जमणार.” पोरं हुज्जत घालू लागली. एवढ्या दुरून आलो, वारा कुठे आहे, भित्रे आहात तुम्ही. वाहिदचा हात हळूहळू साखळीकडे गेला.

लालीबाई राखीला घेऊन बाजारातून परतत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्यात चढल्या आणि सीटवर मांडी घालून बसल्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

“पयले मले उठवा,” त्या म्हणाल्या. “मंग न्या बोट.”

पोरं कुरकुरत निघून गेली. वारा पडेपर्यंत लालीबाई हलल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या गावच्या पाण्यावर कोणी ‘आज नाही’ म्हणालं, तर त्याला भित्रा म्हणू नका. तो शब्द उच्चारायला त्याला फार जड गेलेलं असतं. आणि राखी कुठे भेटली, तर माझा एक निरोप द्या. त्या रविवारी आजी हाका मारत होती, तरी ती लांब बाभळीखालीच उभी राहिली. तिला सांगा, त्या वादळाच्या दिवशी मीही तिच्याइतकीच भ्याले होते.