तळ्याचा गंज आणि आभाळाची धूळ

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही," असं ओतेगेन म्हातारा गोष्टीच्या आधीच बजावून ठेवी. आणि तो खरंच कुणाचा बसत नसे. बसणार कसा? आपला उंट गुडघे दुखायला लागले की दोन दिवस आधी बर्फाची वर्दी देतो, असं सांगणारा हाच. पॅराशूटच्या कापडाची विजार शिवली आणि वाऱ्याने आपल्याला उचलून शेजारच्या जिल्ह्यात नेऊन ठेवलं, असं शपथेवर सांगणाराही हाच. माळरानावरच्या त्या कझाख गावात थापा मारण्याचा मान एकट्या ओतेगेनचा होता, आणि वयाची सत्तरी उलटली तरी त्याला कुणी जोडीदार भेटला नव्हता.

मग सेरिमबेत आला.

तो आला अंतराळयान उतरल्यानंतर आठव्या दिवशी. यान उतरण्याचं गावाला कौतुक नव्हतं. माळावर कुठेतरी मोठी थोरली छत्री उघडायची, हेलिकॉप्टरं घिरट्या घालायची, आणि गावातल्या बायकांची आधी चर्चा व्हायची ती त्या छत्रीचं कापड या खेपेला कुणाच्या गवताच्या ढिगावर जाणार याची. पण सेरिमबेतने आणलं ते कापड नव्हतं. त्याने आणली धूळ. यानाच्या अंगावरून खरवडलेली, असं त्याचं म्हणणं.

रविवारी गावचा जुना क्लब इतका भरला की खिडक्यांतही माणसं बसली. मंचावर काकडीच्या लोणच्याची एक मोठी बरणी होती, लोणचं सोडून. शुक्रवारी सगळ्यांदेखत तिच्यात खारं पाणी ओतून, चिमूटभर धूळ टाकून, तोंडाला मेण लावून ती बंद केली होती. शेजारी एक दिवा अखंड जळत होता. सेरिमबेतने निळा अंगरखा घातला होता, अंतराळवीरांचा म्हणे. खिशावर मात्र उसवलेल्या टाक्यांतून एका पेट्रोलपंपाचं नाव अजून वाचता येत होतं.

"मंडळी," सेरिमबेतने आवाज खोल केला, "ही धूळ सहा महिने आभाळापलीकडे होती. तिथे हवा नाही. सावलीत गेलं की हाडं गोठतात, उन्हात आलं की रक्त उकळतं. वर अदृश्य किरणांचा मारा. ही धूळ तिथे गोठली, उकळली, मेली. आणि मेलेली धूळ माझ्या फुंकरीने उठली आहे."

"फुंकरीला कांद्याचा वास येतोय," ओतेगेन पहिल्या रांगेतून म्हणाला.

"गप बैस," त्याची बायको दामेश त्याच्या बरगडीत कोपर खुपसत म्हणाली.

सेरिमबेतने मेण फोडलं आणि बरणीमागे दिवा धरला. पाण्यात शेकडो नारिंगी ठिपके उड्या मारत पोहत होते. बायकांनी दुआ मागून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मागे कुणीतरी रडायला लागलं.

"मेलेली धूळ उठते," सेरिमबेत म्हणाला, "तर तुमचं मेलेलं जठर का उठणार नाही? मेलेले गुडघे? पोटातली साखर सांभाळणारी मेलेली गाठ? पुडी पाण्यात घाला आणि प्या. पण एक अट आहे. औषध आणि आभाळ एका पोटात नांदत नाहीत. गोळ्या टाका. सुया टाका."

दामेश उठली. नऊ वर्षं ती सकाळ-संध्याकाळ पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेत होती. तिने सुयांचा डबा मंचावर ठेवला आणि बाहेर जाऊन आपली पांढऱ्या कानाची मेंढी सेरिमबेतच्या गाडीला बांधून आली. पुडीची किंमत तीच होती.

ओतेगेनला राग आला तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे बायकोने सुया टाकल्या. दुसरी म्हणजे त्या माणसाने थाप नीट रचली नव्हती. आणि थाप रचण्याच्या कामात हयगय केलेली ओतेगेनला खपत नसे.

"मी उतरलेलं यान हातभर अंतरावरून पाहिलंय," घरी आल्यावर तो म्हणाला.

"विजार घालून की विजारीत उडून?"

"म्हातारे, ऐक तर. खाली येताना त्याच्याभोवती आग असते. त्याच्या अंगावर जाड लेप असतो. तो लेप स्वतः जळतो, झडतो, आणि आग आपल्याबरोबर घेऊन जातो. म्हणून आतली माणसं भाजत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर काढली त्यांना बाहेर, खुर्चीत घालून. पाय धरत नव्हते बिचाऱ्यांचे, पण जिवंत होती. बाहेरून मात्र ते यान आपल्या कढईच्या बुडासारखं काळं. खिडक्यासुद्धा करपलेल्या. त्या कातडीवर धूळ टिकेल कशी?"

"म्हणूनच तर चमत्कार," दामेश म्हणाली आणि चहाचा सहावा वाडगा भरला.

पाचव्या दिवशी ती बादलीने पाणी प्यायला लागली. सहाव्या दिवशी दोरा ओवायला बसली तर सुईचं नेढं तिला दिसेना. दवाखान्यातली नर्स अकतोती दोनदा घरी आली, आणि दोन्ही वेळा दामेशने तिला चहा पाजला, बाऊरसाक म्हणजे पिठाचे तळलेले गोळे खायला घातले, साखर तपासायला बोटही पुढे केलं, पण इन्सुलिन टोचू दिलं नाही.

"अता," अकतोती दारात ओतेगेनला म्हणाली, "दामेश अपांची साखर माझ्या यंत्रात मावेना झालीय. आणखी तीन-चार दिवस असंच गेलं तर त्या शुद्धीवर राहणार नाहीत. मग मला शहरात न्यावं लागेल, आणि रस्ता तुम्हाला माहीत आहे."

ओतेगेनने तिला एकही थाप न ऐकवता फाटकापर्यंत सोडलं. हे त्याच्या बाबतीत इतकं विरळ होतं की अकतोतीने मागे वळून पाहिलं.

तो परसात जाऊन बसला. तिथे दामेशची पाय शेकायची परात होती. गावाबाहेरच्या खाऱ्या तळ्याचं पाणी आणून, चुलीजवळ कोमट करून ती त्यात गुडघे भिजवायची. आभाळाची पुडी मिळाल्यापासून परात तशीच उन्हात पडून होती. चार दिवसांपूर्वी ओतेगेनने त्याच पाण्यात आपले बूट बुचकळून काढले होते, कारण तळ्याकाठी उंट शोधताना त्यांना गंज लागला होता. गंज म्हणजे काठावरचा तांबूस, भुकटीसारखा पट्टा. दर शरदात पाणी हटलं की तो दिसायचा. गावात पिढ्यान्‌पिढ्या एकच नियम: तळ्यावरून आलात तर बूट बाहेर धुवा. त्या गंजाकडे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. बुटाला लागलेल्या घाणीकडे कोण वाकून पाहतं?

ओतेगेन वाकला. परातीत नारिंगी ठिपके उड्या मारत होते.

त्याने दामेशला ओढत आणलं. तिने पाहिलं, तळवे चेहऱ्यावरून फिरवले, आणि म्हणाली, "माझ्या पुडीतली धूळ टाकलीस ना यात?"

"माझे बूट टाकले."

"तुझ्या बुटाने मेलेलं उठवलं?"

ओतेगेनने शेजाऱ्याला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं. जो तो हसून त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "ही उंटापेक्षा चांगली आहे," दुकानदार म्हणाला. आयुष्यभर म्हाताऱ्याच्या थापांना लोकांनी चहा पाजला होता, आणि एकदाच तो खरं बोलत होता तर ऐकायला कुणी तयार नव्हतं.

एकट्या अकतोतीने थट्टा केली नाही. तिने परातीतलं थेंबभर पाणी काचेवर घेतलं, दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि बराच वेळ डोळा लावून बसली.

"तुमच्यावर कुणी विश्वास ठेवायची गरजच नाही, अता," ती शेवटी म्हणाली. "दाखवू या."

रविवारी क्लब पुन्हा भरला. सेरिमबेत बोलायला उभा राहायच्या आत ओतेगेन मंचावर चढला.

"दोन बरण्या," तो म्हणाला. "दोन्हींत तळ्याचं गाळलेलं पाणी. एकीत तुझी धूळ, दामेशच्या पुडीत उरलेली. तिच्यावर तू फुंकर घाल, हवे तितके मंत्र म्हण. दुसरीत माझ्या बुटांवरचा गंज. तिच्यावर मी बोलीन. दोन्ही बरण्या दवाखान्यात चुलीशेजारी, दिवा आणि कुलूप लावून. दोन दिवसांनी उघडू."

"आभाळाची आणि बुटाची बरोबरी?" सेरिमबेत छद्मी हसला. पण क्लब टाळ्या वाजवत होता. मागे फिरलं तर पुड्या संपल्या, हे त्याला कळत होतं. "लावा," तो म्हणाला.

"आणखी एक," अकतोती पुढे आली. तिच्या हातात लहान पातेलं होतं. "ही धूळ आधी दहा मिनिटं पाण्यात उकळायची."

सेरिमबेतचा हात दाढीवर थांबला. "उकळायची कशाला?"

"वर उकळूनच आलीय म्हणालात ना?"

"ते... वरचं उकळणं वेगळं."

"कसं वेगळं?"

"पवित्र."

"मग एवढ्याशा पातेल्यातलं अपवित्र उकळणं तिचं काय वाकडं करणार?" ओतेगेन म्हणाला. "मेलेली धूळ उठवतोस. आम्ही आणखी थोडी मारून देतो. तुझं काम तेच राहील."

क्लब हसला. शेगडीवर सगळ्यांसमोर धुळीसकट पाणी दहा मिनिटं खदखदलं आणि बरणीत गेलं. सेरिमबेतने फुंकरी घातल्या, डोळे पांढरे केले, सात आभाळांची नावं घेतली. मग ओतेगेनने दुसरी बरणी तोंडाजवळ धरली आणि तिला अशा शिव्या दिल्या की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी रुमाल तोंडाला लावले, आणि त्यातल्या दोघींनी नंतर त्या लिहून मागितल्या.

दामेश मंचाच्या पायरीला धरून उभी होती. तिचे ओठ कोरडे पडले होते. "म्हाताऱ्या," ती हळूच म्हणाली, "तुझी शिव्यांची बरणी जगली आणि त्याची नाही जगली, तर मी सुई घेईन. उलटं झालं तर पुन्हा कधी बोलायचं नाही."

"नाही बोलणार," ओतेगेन म्हणाला. दोन दिवस तो धड जेवला नाही. थाप मारताना त्याला कधी भीती वाटली नव्हती. थाप फसली तर दुसरी असते. खऱ्याला दुसरं नसतं.

मंगळवारी दुपारी कुलूप निघालं आणि बरण्या क्लबात आल्या. मंत्राच्या बरणीत तळाशी तपकिरी गाळ होता, आणि वर नुसतं पाणी. शिव्यांची बरणी नारिंगी ठिपक्यांनी गजबजली होती.

सगळे बरण्यांवर वाकले. मग दुकानदार म्हणाला, "म्हणजे शिव्यांत ताकद आहे."

"शिव्यांतही नाही," अकतोतीने कपाळाला हात लावला. "कशातच नाही. हे इकडे या, एकेक जण या, बघा." तिने सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला. "हा गंज म्हणजे तळ्यातल्या चिमुकल्या कोळंबीची अंडी. तळं आटायला लागलं की ती स्वतःला वाळवून घेतात. आतलं पाणी जवळजवळ सगळं जातं. त्याच्या जागी एक साखर बसते, काचेसारखी घट्ट, आणि आतला जीव आहे तसा धरून ठेवते. ना खाणं, ना श्वास. वर्षानुवर्षं. थंडी, ऊन, हवा नसणं, किरणं, यातलं पुष्कळ त्यांना सोसतं. खारं पाणी, ऊब आणि उजेड मिळाला की बाहेर येतात. शास्त्रज्ञांनी अशी अंडी खरोखरच अंतराळात नेऊन पाहिली आहेत. पण डबीत घालून. यानाच्या जळत्या अंगावर चिकटवून नव्हे."

"म्हणजे ती मेलेली नव्हती," दामेश म्हणाली.

"नव्हती, अपा. झोपलेली होती. खरी मेलेली ती, जी उकळली. ती कुणाच्याच फुंकरीने उठली नाही, उठणारही नाही. तुमच्या पोटातल्या गाठीला वाळून झोपता येत नाही. तिला रोज सुई लागते. त्या पिल्लांना साखर वाचवते, तुम्हाला मारते. एवढंच यातलं आभाळाचं रहस्य."

सेरिमबेत तोवर गाडीकडे सरकला होता. "आभाळाची कृपा तळ्यावरही पडते," तो दारातून म्हणाला.

"मग आम्ही तळ्यावर जातो," दुकानदार म्हणाला. "तिथे मेंढी मागत नाहीत."

मेंढी सोडवायला गाडीचं मागचं दार उघडलं, तेव्हा आत तिघींच्या तीन मेंढ्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी पोतंभर तांबूस गंज, अजून तळ्याच्या वासाचा. सेरिमबेत निघून गेला. निळा अंगरखा मागे राहिला, आणि सध्या तो ओतेगेनच्या उंटाच्या पाठीवर असतो.

दामेश पातेल्याशेजारच्या खुर्चीवर बसली आणि पोटावरचा झगा बाजूला केला. "टोच," ती अकतोतीला म्हणाली. मग क्लबभर पसरलेल्या बायकांकडे पाहून बोलली, "माझं ऐकायचं तर एवढं ऐका. कुणी कितीही गोड बोलो, निळं घालो की पांढरं, आधी म्हणायचं, माझ्यासमोर करून दाखव. आणि मी सांगते तशी उकळून दाखव. नुसतं ऐकून सुया टाकू नका. मी टाकल्या, आणि मला दोरा ओवता येईना."

आज त्या घरी पाहुणे आले की ओतेगेन कुर्त, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे गोळे, पुढे करतो, चहा ओततो आणि सुरुवात करतो, "यावर तुमचा विश्वास बसणार नाही." बूट, परात, बरण्या, सगळं तो सांगतो, आणि पाहुणे हसत माना हलवतात. तळ्याचा गंज अंतराळात जाऊन आला, हे ऐकून तर शहरातला जावई म्हणाला, "अता, आता हद्द झाली."

"ते खरं आहे," दामेश आतून म्हणाली. तिने अकतोतीकडून त्या अंतराळातल्या प्रयोगाचा छापील कागद मागून घेतला होता, आणि तिच्याकडून दोनदा वाचून घेतला होता.

ओतेगेनची छाती फुगली. "खरं आहेच. आणि परत आल्यावर त्यांना पाण्यात सोडलं ना, तर पहिलं पिल्लू बाहेर आलं, शास्त्रज्ञांकडे बघितलं, आणि शुद्ध कझाखमध्ये माझीच शिवी..."

दामेश दारात आली. संध्याकाळची सुई तिच्या हातात होती, आणि दुसऱ्या हातातली काचेची रिकामी बरणी तिने त्याच्या पुढ्यात आदळली.

"खोटं," ती म्हणाली. "दाखव."