थोडासा उशीर झाला हं

मित्रांनो, मी जुना आहे हे मला कबूल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीवरचा रंग उडाला आहे आणि चार्जरची पिन एका ठरावीक बाजूला वाकवून धरल्याशिवाय माझ्या पोटात वीज जात नाही. पण मी बिघडलेलो नाही. जुना वेगळा आणि बिघडलेला वेगळा, हे माणसांना समजावता समजावता माझी बॅटरी अर्धी झाली आहे.

मी एक मोबाइल फोन. साधा, स्वस्तातला. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे असंख्य भाऊ एकाच पट्ट्यावरून पुढे सरकत होते. कोण कुठे गेला कुणास ठाऊक. मी डोंबिवली स्टेशनजवळच्या एका दुकानात येऊन बसलो आणि तिथून निशा भोईर मला घरी घेऊन आली. दुकानदार तिला भारीतले फोन दाखवत होता, पण तिने माझ्यावरच बोट ठेवलं. ते बोट मी अजून विसरलेलो नाही.

निशा मानपाड्याची. तिच्या घरच्यांची भातशेती होती, तिथे आता इमारत उभी आहे. त्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या एका गाळ्यात तिने ऑफिस थाटलं. काम कसलं, तर मुलांना संगीत शिकवणारं ॲप बनवायचं. आणि शेजारच्या गाळ्यात काय, तर वर्कशॉप. तिथे दिवसभर लोखंड कापतात. सूर आणि ताल शिकवायला याहून बरी जागा मिळाली नाही का, असं मी विचारणार होतो, पण मला कोण विचारतो!

सुरुवातीचे दिवस मात्र माझ्या मानाचे होते. निशाचे वडील देवराम गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एका रविवारी निशाने त्यांना घराच्या ओट्यावर बसवलं, जमिनीची धडधड येऊ नये म्हणून टॉवेलची घडी करून मला तीवर ठेवलं आणि त्यांचा ठेका माझ्यात भरून घेतला. ॲपमधला पहिला आवाज तो. तेव्हा ॲप फक्त ठेका वाजवायचं आणि मुलं त्याबरोबर टाळ्या वाजवायची. कल्याणच्या एका शाळेत मला मोठ्या स्पीकरला जोडलं, तर अख्खा वर्ग माझ्याबरोबर टाळ्या पिटू लागला. निशा वर्गाच्या बाईंना म्हणाली, "ज्या मुलांच्या घराजवळ शिकवणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी आहे हे." हे वाक्य लक्षात ठेवा. ती स्वतः पुढे ते विसरली, म्हणून सांगतो.

मग ऑफिसात प्रितम आला. पोरगा हुशार. हात भराभर चालतो आणि तोंड त्याहून भराभर. त्याचं म्हणणं, नुसता ठेका वाजवून काय होणार, ॲपने मुलाचं ऐकलं पाहिजे आणि चूक की बरोबर ते सांगितलं पाहिजे. बोलणं काही खोटं नव्हतं. त्याने काचेवर एक गोल काढला. ठेका जिथून सुरू होतो त्या पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, मुलाने त्या गोलावर बोट टेकवायचं. बरोबर टेकवलं तर "शाब्बास! अगदी समेवर!" आणि मागे पडलं तर "थोडासा उशीर झाला हं. पुन्हा करू या." बोट आधी पडलं तर घाई झाली असं सांगायचंही एक वाक्य होतं. सगळी वाक्यं निशाने स्वतःच्या आवाजात भरली. इतक्या गोड आवाजात की ऐकणाऱ्याला राग यायची सोय नाही. आणि असं हे ॲप घरोघरच्या फोनांत गेलं.

आता माझी अडचण ऐका. मी स्वस्तातला आहे. ॲपने मला 'वाजव' म्हणून हुकूम सोडला की तो आवाज माझ्या तोंडातून बाहेर पडायला किंचित वेळ लागतो. पापणी लवते तेवढाच, पण लागतो. भारीतले फोन हुकूम मिळाला की लगेच बोलतात. ॲपची समजूत अशी की, हुकूम दिला म्हणजे आवाज निघालाच. मूल बिचारं माझा आवाज ऐकतं, अगदी वेळेवर बोट टेकवतं, आणि ॲप त्याला सांगतं, उशीर झाला. उशीर माझा आणि बोल मुलाला. तेही माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं. यापेक्षा मला पाण्याच्या बादलीत टाकलं असतं तर बरं झालं असतं.

प्रितमला हे कळलं नाही असं नाही. तो माझ्यावर ॲप तपासायला बसायचा, ठेक्याबरोबर बोट टेकवायचा, उशीर झाला हं, पुन्हा टेकवायचा, पुन्हा उशीर. पण त्याला वाटायचं दोष एकट्या माझाच, ॲपचा नाही. निशाने विचारलं, की म्हणायचा, फोन जुना आहे. झालं, विषय संपला. ॲप अडकलं, फोन जुना आहे. आवाज मागे पडला, फोन जुना आहे. त्या ऑफिसात एकदा चहा नासला, तेव्हाही माझ्याकडे बघितलं की काय असं मला वाटलं. शेवटी भारीतले नवे फोन आले, टेबलावर स्टँडमध्ये ऐटीत उभे राहिले, आणि मी गेलो खणात. गुंता झालेल्या वायरी, मोडका स्टेपलर आणि वड्यासोबत आलेल्या सॉसच्या पुड्या हे माझे सोबती.

तुम्हीच सांगा मित्रांनो, ज्या मुलांच्या घराजवळ शिकवणारं कुणी नाही, त्यांच्या घरी कुठला फोन असतो? स्टँडमधला की खणातला?

मला खणातून काढलं ते समृद्धीसाठी. समृद्धी निशाची भाची, भावाची मुलगी. पाचवीत आहे. देवरामांच्या मंडळात झांज वाजवणारे गृहस्थ मुलाकडे राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. देवराम मंडळात बोलून बसले की, माझी नात वाजवील. मंडळातल्या काहींनी नाकं मुरडली. आजवर त्यांच्यात कधी मुलगी बसली नव्हती. तरी देवरामांच्या शब्दाला मान देऊन ठरलं, की गावदेवीच्या जत्रेत समृद्धी झांज वाजवणार. झांज चुकली की सगळं भजन चुकतं, हे समृद्धीला माहीत होतं. म्हणून तिने आत्याकडे ॲप मागितलं आणि आत्याने तिला मी दिला. म्हणाली, "घे, कुणी वापरत नाही."

मुलगी किती गुणी म्हणून सांगू! शाळेतून आली की मला पुढ्यात घेऊन बसायची. आणि तिचा हात जात्याच तालात होता. मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. तिचं बोट माझ्या काचेवर माझ्या आवाजाबरोबर पडायचं, इकडचं तिकडे नाही. आणि तिच्या आत्याचा आवाज तिला सांगायचा, थोडासा उशीर झाला हं. पुन्हा करू या. ती पुन्हा करायची. पुन्हा उशीर. डोळे भरून यायचे तिचे, आणि मला काही बोलता येईना. मोबाइल असून बोलता येईना, काय म्हणावं याला!

मग त्या हुशार मुलीने एक वाट शोधली. आवाज यायच्या जरा आधीच ती बोट टेकवू लागली. आणि काय सांगू, "शाब्बास! अगदी समेवर!" काचेवर बक्षिसाचे ताऱ्यामागून तारे. घरभर कौतुक. निशाने ऑफिसात सगळ्यांना तारे दाखवले, प्रितमने ॲपच्या नावाने स्वतःची पाठ थोपटून घेतली. एका मुलीचा चांगला हात सगळ्यांनी मिळून बिघडवला होता आणि वर पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

देवळाच्या मंडपात तालमीला बसली तेव्हा व्हायचं तेच झालं. मी तिच्या पिशवीत होतो. पखवाज एकीकडे आणि झांज त्याच्या जरा पुढे, प्रत्येक वेळी. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. देवरामांनी हात थांबवला.

"पोरी, पलतंस कुठं? आमी हाव ना मागं."

"पण आजोबा, आत्याचं ॲप बरोबर बोलतं मला."

मुलीच्या ॲपला नावं ठेवायची कशी आणि नातीला चूक म्हणायचं कसं, अशा पेचात देवराम सापडले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा झांज पुढे. मंडळातलं कुणीतरी पुटपुटलं की, आम्ही सांगत होतो. ते समृद्धीने ऐकलं. घरी निशाने चौकशी केली आणि निदान करून टाकलं, की माणसं बघून घाबरली असेल. प्रितमचा सल्ला, ॲपवर अजून प्रॅक्टिस कर. अजून! माझा चार्ज संपला नसता तर मी संतापाने थरथरलो असतो.

जत्रा जवळ आली तशी समृद्धीने ठरवून टाकलं, की आपल्याला तालच नाही. एका शुक्रवारी ती मला परत करायला ऑफिसात आली. शुक्रवार म्हणजे लाइट जायचा दिवस. पंखे बंद, शेजारचं वर्कशॉप बंद. त्या गाळ्यात इतकी शांतता त्याच दिवशी मिळायची. निशा आणि प्रितम दाराजवळ वारा खात बसले होते. समृद्धीने मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाली की आजोबांना सांगा, दुसरं कुणी बघा.

निशाने तिला जवळ ओढलं. प्रितमला वाईट वाटलं असावं. त्याने तिला बरं वाटावं म्हणून स्टँडमधला नवा फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "याच्यावर कर बघू. तुझे तर सगळे तारे येतात." तिने केलं. नवा फोन निशाच्या आवाजात म्हणाला, "थोडीशी घाई झाली हं." हे वाक्य समृद्धीने आजवर कधी ऐकलंच नव्हतं. पुन्हा केलं. घाई. पुन्हा घाई. तिने तो फोन खाली ठेवला, मला उचललं आणि तशीच बोटं टेकवली. शाब्बास. अगदी समेवर.

तिने दोघांकडे बघितलं. "बोट तर तेच आहे माझं. मग चुकतंय कोण?"

प्रितमने मान खाजवली. मग त्याने आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवलं आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी ठेका सुरू केला. रोज वर्कशॉपच्या आवाजात हे कुणाला ऐकू येणार होतं? त्या दिवशी आलं. नव्या फोनमधून देवरामांचा पखवाज वाजला आणि त्याच्या मागून, जरासाच मागून, माझ्यातून तोच पखवाज. प्रितमचा चेहरा उतरला.

"मी बोललेलो ना, फोन जुना आहे," तो हळूच म्हणाला, आणि त्याचं वाक्य त्यालाच ऐकवेना.

निशा समृद्धीसमोर खाली बसली. "समू, तुझा हात बरोबर होता गं. तुला चुकीचं ॲपने सांगितलं."

"पण आवाज तर तुझा होता, आत्या."

आवाज निशाचा, पण तो आला होता माझ्या तोंडून.

पुढचे दिवस दोघं त्या कामालाच भिडले. आता ॲप उघडलं की ते आधी फोनची परीक्षा घेतं, त्याला बोलायला किती वेळ लागतो ते मोजतं, आणि मगच मुलाकडे वळतं. मला टेबलावर जागा मिळाली. काहीही नवीन बनवलं की प्रितम पहिल्यांदा माझ्यावर तपासतो आणि मला 'साहेब' म्हणतो. मान मिळाला, नाही असं नाही. पण त्यात मला फारसा आनंद झाला नाही. निशाने हे सगळं देवरामांना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मशीन झाली नीट. पोरीच्या हाताचं कं?"

खरंच आहे. ॲपला चार दिवसांत नवं शिकवता येतं, हाताला नाही. समृद्धीच्या हाताला आधी पडायची सवय लागली होती. देवरामांनी मला बाजूला ठेवायला लावलं. ते रोज संध्याकाळी पखवाज घेऊन बसायचे आणि तिला म्हणायचे, नुसतं ऐक, वाजवू नको. जत्रेच्या दिवशी ती मंडळात बसली, पण झांज मांडीवर होती. भजनं दुसऱ्याच एका माणसाने निभावून नेली. मी निशाच्या हातात होतो, सगळं टिपत. ती झांज मांडीवर बघून मला कसं झालं ते सांगता येत नाही.

शेवटी आरती झाली. आरतीला काय, सगळेच वाजवतात. देवरामांनी नातीकडे बघून नुसती मान हलवली. तिने झांज उचलली, डोळे मिटले आणि थांबली. पखवाजाची थाप पडली आणि त्या थापेवरच झांज पडली. त्या गलक्यात कुणाचं लक्षही नव्हतं. आरती संपल्यावर देवराम कपाळाचा घाम पुसत निशाला म्हणाले, "आज पलाली नाय."

समृद्धीला आजोबा होते, मित्रांनो. आणि शुक्रवारची शांतता होती. माझे ते असंख्य भाऊ मात्र अजून घराघरांत आहेत. त्यांच्या काचेवरही कुणीतरी बोट टेकवलं असेल, अगदी वेळेवर, आणि रडकुंडीला येऊन ॲप काढून टाकलं असेल. आपल्याला तालच नाही, असं ठरवून टाकलं असेल. निशा म्हणते, ॲप दुरुस्त केल्याची सूचना सगळ्यांना पाठवली आहे. काढून टाकलेल्या ॲपची सूचना कुठे जाऊन पडते, ते मी तरी बघितलेलं नाही. म्हणूनच हे सगळं सांगायला बसलो.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, पिन हळू काढा, काच पुसा, हे मी सांगणार नाही. ते तुम्हाला शाळेत सांगतातच. माझी विनंती निराळी आहे. तुमच्यापैकी कुणाला कधी एका गोड आवाजाने उशीर झाला हं म्हणून सांगितलं असेल, तर पुन्हा एकदा हात उचला आणि टाळी वाजवा. तुम्ही वेळेवर होता. उशीर मला होत होता.