बिनविरोध

आमच्या पर्यावरण पत्रकार मंडळाला एकाच गोष्टीचा खरा अभिमान आहे: इथे कधी मतदान झालेलं नाही. जागा रिकामी झाली की अध्यक्ष दीनानाथ सर इच्छुकांना चहाला बोलावतात, गोड बोलून एकाला माघार घ्यायला लावतात आणि दुसरा ‘बिनविरोध’ निवडून येतो. सर याला परंपरा म्हणतात. मंडळाने नदी किंवा टेकडी एवढ्या प्रेमाने जपल्याचं मला तरी आठवत नाही.

यंदा कार्यकारिणीची एक जागा रिकामी झाली आणि मी अर्ज भरला. कारण सांगते. वाघोलीत आमच्या घरामागचा ओढा रणजितशेठ नावाच्या बिल्डरने राडारोडा टाकून बुजवला. मी फोटोंसकट बातमी केली. त्याने मला अब्रुनुकसानीची नोटीस धाडली. मंडळाने निषेधाचं साधं पत्रक काढावं म्हणून मी सरांकडे गेले, तर सर म्हणाले, “तनुजा, आपण जरा सबुरीने घेऊ.” नोटीस मला एकटीला, आणि सबुरी आपण दोघांनी! कार्यकारिणीत शिरल्याशिवाय ते पत्रक निघणार नाही, हे मला तिथेच कळलं.

माझ्याविरुद्ध उभा होता विश्वजीत. हा रणजितशेठच्या जाहिराती लिहितो. ‘निसर्गाच्या कुशीत टू बीएचके’ हे त्याचं पर्यावरणावरचं समग्र लेखन.

चहाचं बोलावणं आलं. मी गेले, चहा प्यायले आणि माघार घेतली नाही. सर चक्क हसले. “ठीक आहे. सभेला आईंनाही आणा. मी गाडी पाठवतो.” मला वाटलं, माणूस वयाने मवाळ झाला. कसला मवाळ!

सभेच्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. व्यासपीठावर प्रमुख पाहुणे म्हणून रणजितशेठ. सरांनी माइक हातात घेतला. “यंदाचा मंडळाचा पुरस्कार आपल्या लाडक्या तनुजाला, रणजितशेठच्या हस्ते!” टाळ्या पडल्या. आईने डोळ्यांना पदर लावला.

व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मंडळाचा नियम आहे: ज्या वर्षी पुरस्कार घेतला, त्या वर्षी निवडणूक लढवता येत नाही. पदाधिकाऱ्यांनी पुरस्कार आपसांत वाटून घेऊ नयेत म्हणून केलेला चांगला नियम. म्हणजे शाल खांद्यावर पडली की माझा अर्ज बाद. आणि भर सभेत, आईच्या देखत, शाल नाकारणार कोण? माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला अडवायचं तर खुशाल अडवा. त्यासाठी माझ्या आईला गाडी पाठवता?

रणजितशेठ शाल उलगडून पुढे आले. मी मागे सरले.

“शाल नको. मतदान घ्या.”

सर माइकवर हात ठेवून पुटपुटले, “अहो, आई बघतायत.”

“बघू देत.”

मतपत्रिका छापलेल्याच नव्हत्या. परंपरेला कशाला लागतात? मग हात वर करायचं ठरलं. रणजितशेठ व्यासपीठावरून एकेक चेहरा न्याहाळत होते. विश्वजीतसाठी भराभर हात वर गेले. ‘आम्ही तुझ्याच बरोबर’ असं मला फोन करून सांगणारेही त्यांत होते. माझी पाळी आली तेव्हा माझ्या अर्जावर अनुमोदक म्हणून सही करणारी शेफाली खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसली. वर होता एक माझा हात आणि एक पहिल्या रांगेतला.

“आई, आपण सभासद नाही,” सर मधाळ आवाजात म्हणाले. आईने हात खाली घेतला.

परतीला गाडी नव्हती. मनपाच्या बसथांब्यावरून आम्ही वाघोलीची बस धरली. आईने साडीचा पदर आवरून खिडकीजवळची जागा घेतली.

“शाल चांगली व्हती,” ती म्हणाली.

“होती.”

“देनारा त्योच ना, वढा बुजवनारा?”

“तोच.”

येरवडा मागे पडला तेव्हा मोबाइल वाजला. मंडळाच्या ग्रुपवर सरांचं प्रसिद्धिपत्रक आलं होतं: ‘निवडणूक खेळीमेळीच्या वातावरणात. विश्वजीत यांची बिनविरोध निवड.’ खाली अभिनंदनाची रांग. हे सगळे पत्रकार! तासाभरापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाकारून फुलांचे गुच्छ पाठवत होते. मी लिहिलं: ‘दुरुस्ती. निवड बिनविरोध झालेली नाही. विरोधात मी होते. तनुजा.’

आईला वाचून दाखवलं आणि पाठवणार, तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं, नको म्हणतेय.

“थांब,” आई म्हणाली. “खाली माझंबी नाव घाल. इंदुबाई. वढा माझाबी व्हता.”