भरल्या गाडीचा गिअर

त्या दिवशी विशेष काहीच घडलं नाही. नत्थूजींनी सकाळी पिकअप धुतली, दुपारी गांधीबागेच्या कापडबाजारातून पातळांचे गठ्ठे भरून आणले आणि संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर बसून मुलीच्या हातची खिचडी खाल्ली. मीठ कमी होतं, पण तसं ते म्हणाले नाहीत. माल दुसऱ्या दिवशी सकाळी कामठीवरून कन्हानला पोचवायचा होता. ती मुलगी, पुष्पलता, शेजारी कंदिलाजवळ उद्याचा धडा वाचत बसली होती. ती मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत असे.

जेवण होतंय तोच मारोतराव आले. हे नत्थूजींचे थोरले भाऊ, पुष्पलतेचे मोठेबाबा. घरचे हातमाग बंद पडल्यावर दोघा भावांनी मिळून लिलावातली ही जुनी पिकअप घेतली होती. धंद्यात हात नत्थूजींचे आणि तोंड मारोतरावांचं.

नत्थूजींनी पुन्हा तेच काढलं. गाडी भरलेली असली की तिसरा गिअर आपोआप निसटतो. दांडा झटका देऊन मधे येऊन पडतो आणि गाडी मोकळी सुटते. ताराचंद मिस्त्रीनं गिअरबॉक्स तीनदा खोलला होता. एकदा गिअर बदलला, एकदा आतली स्प्रिंग, एकदा आणखी काही. मागून ठकठक येते म्हणून प्रोपेलर शाफ्टचा सांधाही नवा घातला. दर वेळी गाडी गॅरेजातून लोण्यासारखी निघे, आणि पहिल्याच भरतीला पहिले पाढे पंचावन्न. तर आता उद्या कन्हानला निघण्याआधी गाडी मालासकट ताराचंदकडे न्यावी, त्याला शेजारी बसवून दाखवावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मारोतराव हसले.

"दुसऱ्याचा माल घेऊन गॅरेजात जाते का कोणी? शेठच्या कानावर गेलं का गाडी बिघडेल हाय, तर उद्या एक गठ्ठा तरी भेटन का? अन् तुह्या हातालेच गिअर समजत नसन, तर मिस्त्री काय करन गा?"

गांधीबागेतली रीतच होती ती. गाडी गॅरेजात न्यायची तर माल उतरवून, रिकामी. नत्थूजींनी ताट बाजूला सारलं. त्या घरात मोठेबाबांना कोणी उलट बोलत नसे. हेडबाईंशी भर सभेत वाद घालणारी पुष्पलतासुद्धा नाही. तिनं पुस्तकाचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्हानच्या पुलाकडे उतरताना गाडी सुटली. पुढे बाजाराला निघालेल्या बायांचा घोळका होता. नत्थूजींनी गाडी बाभळीवर घातली. बायांना ओरखडाही उमटला नाही. त्यांची स्वतःची छाती स्टिअरिंगवर आदळली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

गाडी न्यूट्रलमध्ये सापडली. लोकांना तेवढं पुरलं. पेट्रोल महाग झालेले दिवस; उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारे ड्रायव्हर काही कमी नव्हते. तेरवीच्या पंगतीत नत्थूनं न्यूट्रल मारलं, हे वाक्य वरणाच्या बादलीसारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं. चार थेंब पेट्रोलापायी माझा भाऊ गेला, असं म्हणून मारोतराव रडले. खरंच रडले. पुष्पलतेला तेच सोसेना. खोटं रडले असते तर तिला राग तरी करता आला असता.

महिन्याभरात गाडीला नवा रेडिएटर बसला, चेपलेलं तोंड सरळ झालं. आता ती केशव चालवणार होता. केशव मारोतरावांचा मुलगा, त्याच उन्हाळ्यात लग्न झालेला. हे कळलं त्या दिवशी पुष्पलता शाळेतून घरी न जाता थेट गॅरेजात गेली.

"रिकामी फिरवून पाहिली बाई, एकदम मख्खन हाय," ताराचंद म्हणाला.

"अन् भरून?"

"भरून कोण आणते इथं?"

तिनं ठरवलं, आपण आणायची. कोणाचा माल नको, म्हणजे कोणाच्या कानावर जायचाही प्रश्न नाही. नंदनवन वस्तीत नवी घरं उठत होती, कन्हान नदीच्या रेतीचे ढीग पडले होते. तिची एक जुनी विद्यार्थिनी तिथल्या मुकादमाची सून निघाली. रविवारी सकाळी पिकअपमध्ये रेतीची पोती चढली. केशवनंच ती चढवली.

मारोतराव धावत आले. तू मास्तरीण, तुला यातलं काय समजतं, असं त्यांनी विचारलं. काहीच समजत नाही, म्हणून तर बघायचं आहे, ती म्हणाली. मग गाडी माझीही आहे, असं म्हणत ते धोतर सावरून मागे पोत्यांवर जाऊन बसले. केबिनमध्ये केशव, मधे पुष्पलता, खिडकीशी ताराचंद.

रेल्वेपुलाचा उतार फार मोठा नव्हता, पण पुरेसा होता. गिअरच्या दांड्याला हात लावायचा नाही, एवढंच तिनं केशवला बजावलं. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्याही नाही. झालं समाधान? ताराचंदनं विचारलं. मागून मारोतरावांनी टपावर थाप मारली, की पुरे आता.

पुष्पलतेनं केशवला विचारलं, तो उतारावर पाय कुठे ठेवतो. केशव म्हणाला, आज भीतीपोटी अॅक्सिलेटर दाबूनच ठेवला होता. मग आता बाबांसारखं चालव, ती म्हणाली. उतारावर बाबा कधीच अॅक्सिलेटर देत नसत.

तिसऱ्या खेपेला निम्म्या उतारावर केशवनं पाय उचलला. खालून ठक् आवाज आला आणि तिघांच्या डोळ्यांदेखत दांडा मधे येऊन पडला. गाडी सुटली. केशवनं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, तेव्हा कुठे ती थांबली. मागे पोत्यांवरून मारोतरावांनी देवाचं नाव घेतलं.

पुष्पलता दांड्याकडे बघतच नव्हती. तिची नजर दांडा जिथून वर येतो त्या पत्र्याच्या भोकाकडे होती. भोकाची एक कड घासून घासून चकचकीत झाली होती. दांडा त्याच कडेला टेकला होता.

ताराचंद गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आला तो उतरल्या तोंडानं. इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसतात, त्या फाउंडेशनच्या रबराचा पापड झाला होता. भरलेल्या गाडीचा उतारावर पाय उचलला की सगळं धूड पुढे झुकायचं. दांडा पत्र्याच्या कडेवर आपटायचा आणि ती कडच गिअर काढून टाकायची. शाफ्टची ठकठकही त्यातलीच. रिकाम्या गाडीत तेवढा झोल येतच नव्हता.

"तीनदा डबा खोलला मी," तो म्हणाला, "अन् रोग डब्यात नव्हताच."

मारोतराव खाली उतरले. त्यांच्या धोतरावर रेती होती. केशव वाचला, देवाची कृपा, ते म्हणाले. नवं रबर घालू, भोक मोठं करू. मग आवाज खाली आणून म्हणाले, की हे आता बाहेर बोलू नकोस. लोक गाडीला नावं ठेवतील, आणि गेलेला माणूस काही परत येत नाही.

पुष्पलता पुन्हा गाडीत चढली. "केशव, गांधीबागेत घे."

केशवनं बापाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग दुसरा गिअर टाकला आणि तोच धरून गाडी हळूहळू बाजाराकडे काढली. मारोतराव कसेबसे मागे चढले.

स्टँडवर ड्रायव्हर चहा पीत होते, दोन शेठ पानाच्या ठेल्यापाशी उभे होते. मालाऐवजी रेती भरलेली पिकअप बघून सगळे गोळा झाले. ताराचंदनं सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. एकजण म्हणाला, ते ठीक, पण नत्थूनं न्यूट्रल मारलं असं तर मारोतरावच सांगत होते.

सगळे मारोतरावांकडे बघू लागले.

"पुष्पे," ते म्हणाले, "गाडीत बस."

ती बसली नाही. शाळेतला आवाज तिला काढता आला नाही, घरातलाच निघाला. पण तो ठेल्यापर्यंत ऐकू गेला.

"मोठेबाबा, तुम्ही चुकले. माहे बाबा खरं बोलत होते."