भैरोबाची मिशी

पारनेरकडच्या माळावर वसलेल्या एका गावात भैरोबाचं देऊळ आहे. पूजेचा मान गुरवांच्या घराकडे. घरातला मुलगा कल्याण सुप्याच्या एमआयडीसीत कामाला लागला, त्याच्या आईचे गुडघे गेले आणि देवाची सेवा सुनेच्या, मंदाच्या, अंगावर आली. बाईनं गाभाऱ्यात पूजा करावी का, म्हणून गाव थोडं कुजबुजलं. मंदा रोज पहाटे झाडलोट करून दिवा लावत राहिली. मग कुजबुजही आपसूक थांबली.

गाभाऱ्यात भैरोबाचा आणि शेजारी जोगेश्वरीचा, असे दोन पितळी मुखवटे. जत्रेच्या सकाळी भैरोबाला गावानं आपल्या हातानं घासायचं, ही तिथली रीत. कुणी चिंच आणायचं, कुणी राख, कुणी विटकरीचा भुगा. नवसाचे लोक तर अंगातलं सगळं बळ लावून घासायचे. देव असा लखलखायचा की उन्हात डोळे दिपत. जोगेश्वरीला मात्र गुरवाच्या बायकांखेरीज कुणी हात लावायचा नाही.

मागच्या जत्रेनंतर मंदा देवाला गंध लावायला बसली, तर तिला भुवई सापडेना. बोट नुसतंच घसरत होतं. तिनं समई जवळ ओढली आणि दोन्ही मुखवटे निरखले. दोन्ही एकाच हातानं घडवलेले. जोगेश्वरीच्या नथीतला मोती न् मोती सुटा दिसत होता, केसांच्या रेघा मोजून घ्याव्यात अशा. भैरोबाचं नाक म्हणजे नुसता उंचवटा उरला होता.

"आत्याबाई, आपन देवाला पुसून टाकतोय," ती सासूला म्हणाली.

"रीत हाय बाई. आपन कोन मोडनार?"

मंदानं मात्र मनाशी पक्कं केलं. त्या दिवसापासून चिंच बंद. रिठ्याच्या कोमट पाण्यानं देव धुवायचा, खाचेत अडकलेलं कुंकू ओल्या वातीनं हळूच काढायचं, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं लगेच कोरडं करायचं आणि वर तिळाच्या तेलाचं बोट फिरवायचं. मुखवट्याला हळूहळू काकवीसारखा गडद रंग चढला. "देव काळवंडला," असं लोक तिच्या तोंडावर म्हणू लागले. ती तेलाचं बोट फिरवत राहिली.

जत्रेची सकाळ उजाडली. लोक चिंचेचे गोळे घेऊन आले, तर मंदा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभी.

"औंदा देव घासायचा न्हाई."

गलका उठला. बिभीषण नावाचा दांडगा गडी पुढं आला. "गुरवाची बाई आता गावाला शिकवनार व्हय?"

गावातलं सगळ्यात जुनं माणूस, सूर्यभानआबा, काठी टेकत पुढं आले. "मंदे, बाजूला हो. माज्या बापानं घासला, मी घासला."

मंदा जागची हलली नाही. "आबा, तुमी ल्हानपनी बघितला हुता न्हवं? देवाची मिशी कशी हुती?"

"पिळदार! टोकं पार गालावर वळल्याली."

"मग या. हात लावून बघा."

आबांनी हात धुतले आणि मुखवट्यावर बोटं फिरवली. एकदा, मग परत एकदा. डाव्या गालावर बारीकसं टोक लागलं, बाकी सगळं सपाट. मंदानं समई उचलून जोगेश्वरीच्या तोंडासमोर धरली. आबा देवीकडे बराच वेळ बघत राहिले. बाहेरचा गलका हळूहळू बसला.

"माज्या हातानं गेली गं मिशी," आबा म्हणाले.

"एकट्याच्या न्हाई, आबा. सगळ्यांच्याच."

"मग नवसाचं कसं करायचं?"

"समया हायेत, घंटा हाय, पालखीच्या कड्या हायेत. पायजे तेवढं घासा. देवाला फकस्त हे फडकं, अन् तेबी हलक्या हातानं."

बिभीषणनं हातातली चिंच अंगणात भिरकावली आणि तरातरा निघून गेला. त्याच्या भावकीतले चार जण त्याच्या मागं गेले. आबांनी मात्र आपला गोळा घेतला, घंटेखाली बसले आणि घासायला लागले. ते बघून एकेक जण समयांकडे वळला. बायका रांगेनं आत आल्या. मंदा प्रत्येकीच्या हाती फडकं देत होती. कुणी जोर लावला की तिचं मनगट धरायची. "लेकराचं तोंड पुसतात तसं, वैनी."

त्या दिवशी पालखीत देव लखलखला नाही. काकवीच्या रंगात शांत बसून राहिला. कुणी हळहळलं, कुणी नुसतेच हात जोडले.

दुपारी कल्याण कंपनीतून आला. गाव ओलांडेपर्यंत सगळं त्याच्या कानावर गेलं होतं.

"लई भांडान झालं म्हनं?"

"झालं," मंदा फडकी पिळून दोरीवर टाकत म्हणाली. "बिभीषणभावजी अजून फुगून बसल्यात. पुढल्या जत्रंला परत हुईल."

"मग?"

"मग काय? मी उंबऱ्यावर हायच."

कल्याणनं तिच्या हातातलं उरलेलं फडकं घेतलं आणि पिळायला लागला.