चार वाजताचा उतार

दिवाळी सरून आठवडा झाला होता आणि माणिकराव मास्तरांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ग्रामपंचायतीच्या रेडिओनं सोमवारी बातम्यांच्या शेपटाला सांगितलं होतं, की बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे आणि त्याचं वादळ होऊ शकतं. होऊ शकतं म्हणजे काय? होणार की नाही? मास्तर पुढचं ऐकायला सरसावले, तोच सरपंच हिंमतरावांनी कान पिळून रेडिओ बंद केला.

"बॅटरी उतरते, मास्तर," ते म्हणाले. "तुमच्या तुफानापायी ते सरली, त बाजारभाव काय तुमी सांगसान?"

पारावरची मंडळी हसली. मास्तर गुमान उठले. बोलायला तोंड होतं कुठे? ते गेल्या वर्षीच गेलं होतं.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली असतील. बुलढाण्याकडच्या धामणगाव बढ्यापासून कोसभरावरच्या या गावात माणिकराव एकटेच चार वर्ग शिकवत, तेही चावडीच्या ओसरीवर. त्यांचा दोस्त कडूबा आठवडी बाजारांतून घड्याळं दुरुस्त करत हिंडे. खामगावच्या जुन्या बाजारात त्याला एकाच काट्याचं एक पितळी घड्याळ मिळालं. दुसरा काटा बसवायला जागाच सापडेना, म्हणून महिनाभर तो स्वतःच्या हुनराला शिव्या देत बसला. शेवटी मास्तरांनी तबकडीवरची इंग्रजी अक्षरं वाचली आणि सांगितलं, हे हवेचा दाब मोजायचं यंत्र आहे, काटा पडला की वादळ समजायचं. झालं! त्या दिवसापासून दोघांना हवेचं जे वेड लागलं ते लागलंच. शाळेचा भारताचा नकाशा जमिनीवर अंथरायचा, रेडिओ सांगेल तिथे चिंचोका ठेवायचा आणि चिंचोका आपल्याकडे सरकतो का ते पाहायचं.

गेल्या वर्षी असाच चिंचोका समुद्रात बसला होता. दुपारी चारला मास्तरांनी यंत्र पाहिलं, तर काटा सकाळपेक्षा दोन रेघा खाली! त्यांनी दवंडी पिटवली. गावानं कापलेली ज्वारी रातोरात घरात ओढली, माणसांची कंबरडी मोडली, आणि पुढचे तीन दिवस असं ऊन पडलं की पापड वाळावेत. तेव्हापासून मास्तरांचं नाव 'तुफान मास्तर'. पोरीबाळी पाण्याला जाताना विचारत, "मास्तर, आज छत्री घेऊ का?"

माणूस जिद्दीचा. त्यांनी एक वही सुरू केली आणि वर्षभर रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला काटा टिपून ठेवला. तेव्हा कळलं, की काटा रोजच चारला दोन रेघा उतरतो आणि नंतर आपोआप चढतो. आभाळ निरभ्र असो की भरलेलं, त्याचा नेम चुकत नाही. म्हणजे गेल्या वर्षी मास्तरांनी एका सालस, रोजच्या उताराला वादळ समजून गाव पळवलं होतं! हे कळल्यावर त्यांना शोध लागल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाली ती नुसती लाज.

आणि नेमकं यंदाच गावानं शाळेची खोली बांधायला घेतली होती. श्रमदानानं. नदीकाठची माती तुडवून झुंबरबाई कुंभारणीनं दहा हजार विटा पाडल्या होत्या. माती वाहायला बाया होत्या, पाणी ओढायला गडी होते, रविवारी मास्तर स्वतः गुडघाभर चिखलात होते. त्या विटा उघड्यावर वाळत होत्या. आठ दिवसांनी भट्टी लागायची होती. तोवर पाऊस आला, की विटांचा पुन्हा चिखल. आणि ज्वारी पेरायच्या-कापायच्या दिवसांत गाव दुसऱ्यांदा माती तुडवायला येणार नव्हतं, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी रेडिओवर भजन होतं. बुधवारी म्हणाला, वादळ आंध्रच्या किनाऱ्याकडे सरकत आहे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. गुरुवारी सकाळी म्हणाला, ते किनाऱ्यावर चढलं आणि विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे.

"तुरळक म्हन्जे कुठी?" कडूबानं विचारलं. "आपलं गाव तुरळकात येते का नाई?"

"मले काय विचारतं बे? त्या रेडिओले विचार!" मास्तर खेकसले. त्यांना सगळ्यांचाच राग येत होता. मच्छीमारांची काळजी करणाऱ्या रेडिओचा, बॅटरी जपणाऱ्या सरपंचाचा, आणि चिंचोका ठेवायला जागा न सांगणाऱ्या त्या बातम्यांचा. चंद्रपूर आणि बुलढाणा यांच्यामध्ये अख्खा विदर्भ पडला होता. चिंचोका हातात धरून ते नुसते बसून राहिले.

दुपारी चार वाजता दोघांनी यंत्र पाहिलं. कडूबानं काचेवर टिचकी मारली.

"मास्तर, पाच रेघा उतरला."

"चारचा उतार हाय तो."

"चारचा उतार दोनचा असते. हे पाच हायेत. सकाळी दहालेही काटा रोजच्यावानी चढला नव्हता, वहीत पाहा."

मास्तरांनी वही पाहिली. कडूबा खरं बोलत होता. तीनशे-साडेतीनशे दिवसांत पाच रेघा कुठेच नव्हत्या. पण बाहेर ऊन होतं, पूर्वेला तेवढी पातळ ढगांची साय, आणि पारावर तीच मंडळी बसली होती. पुन्हा दवंडी? विटा झाकायच्या तर घराघरातून ताडपत्र्या, पत्रे, कडब्याच्या पेंढ्या मागाव्या लागणार. कापसाच्या वेचणीवरची माणसं बोलवावी लागणार. आणि उद्या कडक ऊन पडलं तर? दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मास्तर तर फुंकतच बसले.

तेवढ्यात झुंबरबाई आली. हाताला कोपरापर्यंत वाळलेली माती.

"मास्तर, सरळ सांगा. पानी येते का? तुमी हो म्हना, मी दिवस बुडायच्या आत सारं गाव गोळा करतो. मले लोक नाई म्हनत नाईत."

कडूबा मास्तरांकडे पाहत राहिला. मास्तर वहीकडे.

"पक्कं सांगता येत नाई, झुंबरबाई," ते अखेर म्हणाले. "उद्या दहा वाजता काटा पाहून सांगतो."

"दहा वाजता?"

"हाव. तवा नक्की समजते."

ती हाताची माती खरवडत गेली.

शुक्रवारी दहा वाजायचेच होते. सकाळी सात वाजता पूर्वेकडून वारं सुटलं, पारावरच्या झाडाचं एक पान जागेवर राहिलं नाही, आणि साडेसातला पाऊस कोसळला. उभा नाही, आडवा. मास्तर घोंगडं घेऊन नदीकडे धावले. मागोमाग कडूबा धावला, बाया धावल्या, आणि खुद्द हिंमतराव स्वतःच्या गोठ्यावरची ताडपत्री ओढून घेऊन आले. बैल गेला नि झोपा केला! एका रांगेवर ताडपत्री टाकावी तर दुसरी रांग बसत होती. विटांचे कोपरे आधी गोल झाले, मग त्या एकमेकींत शिरल्या. दुपारपर्यंत नदीकाठी विटा नव्हत्या, नुसता चिखलाचा गारा होता.

पाऊस थांबल्यावर लोक एकेक करून घरी गेले. मास्तरांना कुणी बोललं नाही. कडूबासुद्धा 'मी सांगत होतो' म्हणाला नाही, आणि तेच त्यांना सोसवेना. झुंबरबाई तेवढी चिखलाच्या कडेला उकिडवी बसली होती. मास्तर तिच्याजवळ गेले.

"मले दिसलं होतं, झुंबरबाई," ते म्हणाले. "काल चारलेच दिसलं होतं. पन वाटलं, यंदाही खोटं ठरलं त लोक हासतीन."

झुंबरबाईनं मान वर केली. तिला रागसुद्धा आला नव्हता, फार दमली होती ती.

"हासलो असतो ना, मास्तर," ती म्हणाली. "पोट धरून हासलो असतो. हासन्यानं काय इटा भिजल्या असत्या?"